आंब्र्यांच्या घरातले आवाज

सुभाष आंब्रे फौजेतून पेन्शन घेऊन घरी आला ते साल नव्वदचं. खेड तालुक्यातल्या त्याच्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत, त्यामुळे फौजी परत आला याचं तिथं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. सुगंधाला मात्र होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं नवऱ्याला सुट्टीपुरताच पाहिलेला. आता तो कायमचा घरी राहणार होता. दोघांनी ठरवून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला, नव्यानं उभ्या राहिलेल्या एका बिल्डिंगमध्ये वन रूम किचन घेतलं. मुलगी मिनल तेव्हा पहिलीत जायची होती.

घरी आलेला माणूस मात्र सुगंधाच्या ओळखीचा नव्हता.

तिला आठवणारा सुभाष सुट्टीवर आला की ओटीवर बसून मोठमोठ्यानं हसायचा, भजनात पखवाज धरायचा. हा सुभाष दाराकडे तोंड आणि भिंतीला पाठ करूनच जेवायला बसे. ताट दुसरीकडे वाढलं तर उचलून तिथं नेई. रात्री गादी सोडून दाराशी टेकून बसे आणि सकाळी तिथंच मान टाकलेला सापडे. खालच्या रस्त्यावर टेम्पोच्या सायलेन्सरचा फटका वाजला की त्याच्या हातातला चहा सांडायचा. मग तो फडकं घेऊन स्वतःच लादी पुसायचा.

सत्त्याऐंशीला त्याची पलटण शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत, जाफन्याला गेली होती, एवढंच तिला माहीत होतं. तिथून परत आल्यावर तो त्याविषयी अवाक्षर बोलला नव्हता.

पलटणीतल्या ओळखीनं एका बँकेत गार्डची नोकरी चालून आली. अंगावर गणवेश, हातात दुनळी बंदूक, बसून काम. सुभाषनं ती नाकारली. "बंदूक नको," एवढंच म्हणाला. मग भाईंदरच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात वॉचमन म्हणून लागला. तिथं एके दिवशी टेम्पोतून पत्र्यांची चळत घसरून खाली पडली. सुभाषनं शेजारी उभ्या असलेल्या हमालावर झेप घेतली आणि त्याला जमिनीवर दाबून धरलं. हमालाचं कपाळ फुटलं. शेवटी चौघांनी मिळून सुभाषला बाजूला केलं, तेव्हा तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "हलू नको. हलू नको."

गाळ्यावरची नोकरी गेली. नंतर त्याला खाडीकडच्या मिठागरावर देखरेखीचं काम मिळालं. तिथं मात्र तो टिकला. सुगंधाला नवल वाटायचं. ऊन असं की डोळे दुखावेत, सावलीला एक झाड नाही, आणि हा माणूस तिथून जरा निवांत होऊन घरी यायचा. एकदा तिनं विचारलं तर म्हणाला, "तिथं गवत उगवत नाही. पायाखालचं दिसतं."

तिला काही अर्थबोध झाला नाही. पण तिनं पुढं विचारलंही नाही. न विचारण्याची तिला तोवर सवय झाली होती.

अशा बऱ्याच सवयी लागल्या होत्या. कुकर तिनं माळ्यावर ठेवून दिला होता, कारण शिट्टी झाली की सुभाष ताडकन उठायचा. डाळ ती पातेल्यात शिजवी. भांडी खाली फडकं अंथरून घाशी. दरवाजाच्या फटीत जुनी चिंधी कोंबली होती, म्हणजे तो वाऱ्यानं आपटणार नाही. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत ती दोघांना घेऊन खेडला जाई आणि शेजाऱ्यांना सांगे, सासूबाईंची तब्येत बरी नाही. सासूबाई ठणठणीत होत्या. उलट त्याच म्हणायच्या, "बाहेरचं काहीतरी लागलंय त्याला. भगताला दाखव." सुगंधा नुसती मान डोलवायची.

मिनल या सगळ्यात मोठी होत होती. बिल्डिंगमागं एक मोकळं मैदान होतं, पावसाळ्यानंतर तिथं गुडघाभर गवत माजे. तिथं जायला तिला सक्त मनाई. एकदा चेंडू गेला म्हणून ती धावत गवतात शिरली, तर बाप गॅलरीतून ओरडला, "मिनल! हलू नको!" पोरगी जागच्या जागी थिजली. सुभाष खाली आला, पण रस्ता संपून गवत सुरू होतं तिथं त्याचे पाय अडले. शेवटी तळमजल्यावरच्या हंसाबेन साडी सावरत गेल्या आणि मिनलला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. चाळीतल्यासारखी सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांमध्ये उभी होती.

त्या दिवसापासून पोरं सुभाषला 'मिलिटरीवाला पागल' म्हणू लागली. सुगंधानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या वर्षी, मिनल तिसरीत असताना, शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका मनोरमाबाई वयस्कर, जरा कडकच. सुगंधाला वाटलं, अभ्यासाची तक्रार असणार.

बाईंनी तिला रिकाम्या वर्गात बसवलं. म्हणाल्या, "मिनल हुशार आहे. पण वर्गात तिचा आवाज ऐकू येत नाही मला. कविता म्हणायला उभी केली तर ओठ हलतात नुसते. मला वाटलं लाजते. पण काल काय झालं, वाऱ्यानं हे दार आपटलं. मिनल बाकाखाली गेली. शेजारच्या पोरीलाही तिनं खाली ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानात सांगत राहिली, हलू नको म्हणून. मी किती हाका मारल्या, बाहेर येईना. घरी काही होतं का हो?"

सुगंधाला वाटलं, नेहमीसारखं सांगावं की काही नाही, पोरगी भित्री आहे. शब्द तोंडाशी आलेही होते. पण समोर तो बाक होता, आणि त्याखालची ती एवढीशी जागा. तिला रडू फुटलं. मनोरमाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

परत येताना खाली हंसाबेन भेटल्या. सुगंधाचे डोळे पाहून त्यांनी तिला घरात ओढलंच. चहा करत म्हणाल्या, "सुगंधाबेन, एक बात बोलूं? छुपाने से क्या होगा? सारी बिल्डिंग को मालूम है. आप अकेली ही समझती हो कि किसी को नहीं मालूम."

हे ऐकून सुगंधाला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते उलटंच. इतकी वर्षं जे झाकून ठेवण्यात जीव जात होता ते झाकलेलं नव्हतंच, तर मग ती ताकद दुसरीकडे लावायला ती मोकळी होती.

त्या संध्याकाळी सुभाष मिठागरावरून आला, हातपाय धुऊन भिंतीशी बसला. सुगंधा त्याच्या समोर जाऊन बसली, बरोबर तो आणि दार यांच्या मधे. तिथं कुणी बसलेलं त्याला चालत नसे, हे तिला माहीत होतं.

"अहो, शाळेत बोलावलं होतं."

"काय केलं तिनं?"

"दार आपटलं म्हणून बाकाखाली गेली. दुसऱ्या पोरीला ओढलं आणि तिला सांगत होती, हलू नको."

सुभाषचा चेहरा उतरला. तो बाजूला सरकून दाराकडे पाहू लागला.

"माझ्याकडे बघा," सुगंधा म्हणाली. "तुम्ही जाफन्याला गेला होतात. माझी पोरगी कुठल्या लढाईवर गेली होती?"

"मी काय मुद्दाम करतो का?"

"नाही. म्हणूनच तर डॉक्टर पाहिजे."

"म्हणजे मी वेडा झालोय."

"तुम्ही आजारी आहात. आणि आता तुमच्याबरोबर आम्हीपण आजारी पडतोय. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते."

"कुठं? माहेरी?"

"माहेरी कशाला? हॉस्पिटलात."

कुलाब्याच्या लष्करी हॉस्पिटलात माजी सैनिकांनाही दाखवता येतं, हे तिला गावातल्या एका सुभेदारांकडून कळलं होतं. ती खरोखर एकटीच गेली. कुठली खिडकी, कुठला वॉर्ड, काही ठाऊक नव्हतं. मानसोपचार हा शब्द पाटीवर वाचून ती दोनदा पुढं निघून गेली आणि तिसऱ्यांदा आत शिरली. डॉक्टर बाई होत्या, मेजर हुद्द्याच्या. पेशंट कुठंय म्हणून त्यांनी विचारलं. "ते यायला तयार नाहीत, मी आलेय," सुगंधा म्हणाली. आपल्याला बाहेर काढतील अशी तिची खात्री होती. पण बाईंनी तिला बसवून घेतलं, सगळं ऐकलं, आणि मग उलटा प्रश्न केला, "तुम्ही स्वतः गाढ कधी झोपला होतात?"

नवऱ्याचा श्वास ऐकत पडून राहणं म्हणजेच झोप, असं सुगंधा धरून चालली होती. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे, भित्रेपणा नाही आणि वेडही नाही. लढाई संपली हे डोक्याला कळतं, शरीराला कळत नाही. घरातल्या माणसांची शरीरंही मग तसंच शिकतात. औषधं आहेत, बोलणं आहे, वेळ लागेल. आणि शेवटी म्हणाल्या, "त्यांना आणा. कसंही करून आणा."

ती घरी आल्यावर सुभाषनं काही विचारलं नाही. रात्रीचं जेवण झालं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरावर निघताना चपला घालता घालता खाली बघूनच म्हणाला, "कोण होतं तिथं?"

"तुमच्यासारखेच. बाहेर लांब बाक होता, त्यावर बसले होते. एक सरदारजी होते, बाकीचे कुठले कुठले. एकमेकांशी बोलत नव्हते कुणी."

"आणि?"

"आणि सगळे भिंतीला पाठ लावून बसले होते. दाराकडे तोंड करून."

सुभाष चपलेत पाय घालायचा थांबला. "सगळे?"

"सगळे."

पुढच्या सोमवारी तो तिच्याबरोबर गेला.

त्यानं तिथं काय सांगितलं ते सुगंधाला लगेच कळलं नाही. बऱ्याच फेऱ्यांनंतर, एका दुपारी घरीच, भाजी निवडायला तिच्या शेजारी बसलेला असताना तो आपण होऊन बोलू लागला. जाफन्याजवळच्या गावात सगळं आपल्या गावासारखंच होतं, म्हणाला. झावळ्यांचं कुंपण, माड, विहिरीवर रहाट. एका पाणंदीत दोन्ही बाजूंना गवत होतं. पुढं रामू चालला होता, शेजारच्याच गावचा, सुट्टीला दोघं बरोबर यायचे. गवतात सुरुंगाची तार होती. स्फोट झाला तेव्हा सुभाष त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता. कुणीतरी मागून ओरडलं, हलू नको, सगळीकडे पेरलेत. रामू जिवंत होता, पाणी मागत होता. सुभाषच्या कमरेला पाण्याची बाटली होती. पण पाय उचलायचा नाही असा हुकूम होता, आणि त्यानं तो पाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट साफ करणारे आले. तोवर तो तिथंच उभा होता. रामू केव्हाच गेला होता.

"मी बाटली फेकलीसुद्धा नाही गं," तो म्हणाला. "फेकली असती तर कदाचित तिथं पण..." आणि थांबला.

सुगंधानं भाजीची परात बाजूला केली. तिनं त्याचा हात धरला आणि संध्याकाळी मिनल शाळेतून येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, जीभ कोरडी पडायची. चिडून त्यानं औषध मधेच बंद केलं आणि पुन्हा दाराशी बसू लागला. एकदा दोन दिवस घरीच आला नाही. मिठागरावरच्या झोपडीत दारू पिऊन पडलेला सुगंधाला सापडला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मला सोड तू. पोरीला घेऊन जा."

"सोडायचं तर मी ठरवीन," सुगंधा म्हणाली. "उठा. आज सोमवार आहे."

घरातली शांतता मोडायची, हेही तिनं ठरवलं. डॉक्टरांनी सुचवलं होतं, सगळे आवाज झाकून ठेवू नका, पण अचानकही करू नका. तिनं माळ्यावरचा कुकर उतरवला. पहिल्या दिवशी सुभाषला स्वयंपाकघरात बोलावून शेगडीसमोर बसवलं. "आता शिट्टी होईल हं. ही बघा, वाफ आली." शिट्टी झाली. तो उभा राहिला, घामानं निथळला, पण बाहेर गेला नाही. "अजून एक होणार," ती म्हणाली. मिनल दारात उभी राहून हे पाहत होती. दुसऱ्या शिट्टीला तीच मोठ्यानं म्हणाली, "आली!" आणि स्वतःच्या आवाजाला दचकून हसली. आंब्र्यांच्या घरात पोरीचा एवढा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा निघाला असेल.

हळूहळू दरवाजातली चिंधी निघाली. मग मैदान. सुगंधा सकाळी त्याला घेऊन गवताच्या कडेपर्यंत जाई, चपला काढी आणि अनवाणी गवतात चालत जाऊन परत येई. तो रस्त्यावर उभा. गॅलऱ्यांतून लोक बघायचे, कुणी हसायचंही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी सुभाषनं कडेवरून एक पाऊल आत टाकलं. सुगंधा चार हातांवर उभी होती. तो तिच्यापर्यंत पोचला, तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "बास," तो म्हणाला. "आज एवढंच." ती म्हणाली, "एवढंच." तळमजल्यावरून हंसाबेननी त्या दोघांना हाताला धरून परत येताना पाहिलं आणि चहाचं आधण चढवलं.

फटाके मात्र त्याला कधीच सहन झाले नाहीत. दिवाळीत ते अजूनही खेडला जात, फक्त आता शेजाऱ्यांना खरं कारण सांगून.

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला आणि टीव्हीवर कारगिल सुरू झालं. बिल्डिंगमध्ये घराघरांतून तोफांचे आवाज येऊ लागले. सुभाषची झोप पुन्हा उडाली. सुगंधानं केबलची वायर काढून ठेवली आणि त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. या वेळी तिला विनवावं लागलं नाही. सोसायटीच्या लोकांनी पंधरा ऑगस्टला फौजी म्हणून त्याचा सत्कार ठरवला. ज्यांची पोरं त्याला पागल म्हणायची तेच शाल घेऊन आले. सुभाषनं शाल घेतली. भाषण केलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी दारात एक बाई आली. भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावची, दुर्गा म्हात्रे. कुणीतरी तिला आंब्र्यांचं घर सांगितलं होतं. तिचा मुलगा रोशन कारगिलहून जखमी होऊन आला होता. खांद्याची जखम भरली, गावानं ढोल-ताशे वाजवून मिरवणूक काढली, आणि त्या दिवसापासून पोरगा माजघरातून बाहेर निघाला नव्हता.

"जेवत न्हाय, झोपत न्हाय," दुर्गा सांगत होती. "हात लावला तर मना ढकलतो. लोक म्हनतात नजर लागली. काय करू मी बाय?"

सुगंधा उत्तर देणार, तेवढ्यात भिंतीशी बसलेला सुभाष उठला. "मी येतो," म्हणाला.

सुगंधाही बरोबर गेली. मुर्ध्यात त्या घरी रोशन कोपऱ्यात बसला होता. सुभाष त्याच्या समोर गेला नाही. शेजारी, भिंतीला पाठ लावून बसला. बराच वेळ दोघं दाराकडे पाहत राहिले. मग सुभाष म्हणाला, "मी सत्त्याऐंशीला जाफन्यात होतो."

रोशननं मान वळवली नाही. दाराकडे बघतच विचारलं, "तुमचा कोन गेला?"

"रामू. माझ्या शेजारच्या गावचा. तुझा?"

पोरगा रडू लागला. दुर्गा आत धावणार होती, पण सुगंधानं तिला पडवीतच धरून ठेवलं. "राहू दे, वहिनी. त्यांना बसू दे."

सोमवारी चौघं कुलाब्याला निघाले. दुर्गाचा बेत होता की पाठीमागच्या खाडीकडच्या वाटेनं जावं, म्हणजे गावातलं कुणी बघायचं नाही. सुगंधानं ऐकलं नाही. "मागच्या वाटेनं मी फार वर्षं चालले," ती म्हणाली. "आपण देवळासमोरनं जायचं."

देवळाच्या पारावर माणसं बसलेली होतीच. एकानं हाक दिली, "दुर्गे, खय चालली पोराला घेऊन?"

दुर्गानं डोक्यावरचा पदर सारखा केला. क्षणभर तिनं सुगंधाकडे पाहिलं आणि मग स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "डाक्टरकडं. लढाईवरनं आल्यापासून झोप न्हाय त्याला. त्याचा डाक्टर हाय कुलाब्याला."

एक म्हातारा उठला, रस्त्यावर आला आणि त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.